बर्फाचा खर्च कोणाच्या खात्यात?

विचारा कोळणीला

मी मुंबईतल्या वेसाव्याची कोळीण. सतराव्या वर्षी डोक्यावर मासळीची पाटी घेतली, ती साठीला उतरवली. गुडघे आता बाजारात बसू देत नाहीत, म्हणून पत्रांना उत्तरं देत बसते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. पत्रं लांब होती, ती थोडक्यात देते. उत्तरं मात्र जशी सुचली तशी.

प्रश्न : माझं माहेर सांगली जिल्ह्यात, शेतीवाडीचं. बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन पालघरच्या किनाऱ्यावर आले. नवरा डोल जाळ्याच्या बोटीवर जातो. मासळी विकते सासू, पैसा तिच्या कमरेच्या पिशवीत. नवऱ्याला मोबाइलच्या रिचार्जचे पैसेसुद्धा आईकडे मागावे लागतात. सासू मला रोज सकाळी वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूंच्या मांडणीवर, बोंबील घालायला बोलावते. बोटीवर मात्र बायकांनी पाय ठेवायचा नाही. मी शिकलेली आहे. या घरात माझं काम नेमकं काय?

उत्तर : बाय, आधी त्या कमरेच्या पिशवीचं बघू, कारण खरी ठसठस तिथेच आहे.

तुझ्या माहेरी धान्य पोत्यात भरून ठेवता येतं. भाव पडला तर महिनाभर थांबता येतं. बाबा ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत जातात, पट्टी त्यांच्या हातात पडते, घरी किती सांगायचं ते तेच ठरवतात. मासळीला थांबायची सोय नाही. डोल लावतात ती भरती-ओहोटीच्या ओढीवर. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, तेव्हा बापय, म्हणजे पुरुषमाणसं, रात्र बघत नाहीत की दिवस. जाळं उचललं की बोट किनाऱ्याला लागते, कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. उतरलेला माणूस दोन रात्री झोपलेला नसतो. आणि बोंबील तर बहुतेक पाणीच. दोन-तीन तासांत त्याचा पैसा झाला नाही तर तो कोंबड्यांना. अशा वेळी भाव कोण करणार? जी झोपून उठलेली आहे, जिला गिऱ्हाईक ओळखतं, ती. म्हणून मासळी बोटीवरून खाली आली की बाईच्या ताब्यात जाते. लोक म्हणतात कोळ्यांच्यात बायकांना फार मान. मानाचं मला माहीत नाही. मासळी नासते, म्हणून पैसा आमच्या हातात आला.

तेव्हा सासूच्या पिशवीत दिसतो तो नफा नाही. उद्याचं डिझेल, बर्फ, मीठ, खलाशांची उचल, सगळं त्यात आहे. माझी सासू पैसे मोजायला बसली की आम्हाला दम भरायची, ‘बोलू नको गो, चुकतान.’ मोजून झालं की ती नोटांचे चार भाग करायची आणि चार वेगवेगळ्या फडक्यांत बांधायची. घरखर्चाचं फडकं सगळ्यात लहान. मला वर्षभर वाटत होतं म्हातारी कंजूष आहे. मग एका सकाळी बोटीचा पंखा तुटला आणि तिने तिसरं फडकं सोडलं.

वलांडीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद. बोट वर ओढलेली, जाळी गुंडाळलेली, आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच. त्या दोन महिन्यांत घर चालतं ते तू आणि तुझी सासू हिवाळ्यापासून जे सुकवता त्याच्यावर. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. सांगायला एक वाक्य, करायला बोटांची सालं जातात, कारण त्याचे दात बारीक आणि आत वळलेले. पहिल्या मोसमात माझी बोटं इतकी सुजली होती की पीठ मळता येईना. सासूने खोबरेल लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत उभं केलं. दव पडलं तर काढून घ्या, ऊन आलं की परत घाला. हे काम तुला शिक्षा वाटतंय. माझ्या लेखी तो तुमच्या घरचा पावसाळ्याचा पगार आहे, फक्त तो आगाऊ कमवावा लागतो.

हे झालं सासूच्या बाजूचं. आता तुझ्या बाजूचं ऐक.

हातात पैसा असणं वेगळं आणि नावावर काही असणं वेगळं. १९९६ मध्ये आमच्या बोटीला नवं इंजिन बसवलं. त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या आणि तीन वर्षं पाटीच्या पैशातून मी त्या सोडवल्या. बोट नवऱ्याच्या नावावर, परवाना त्याच्या नावावर, मच्छीमार सोसायटीत सभासद तोच. मला कधी खुपलं नाही, कारण रोजचा पैसा तर माझ्याकडेच होता ना! २०११ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. कागद माझ्या नावावर करायला मी एका कार्यालयात गेले. समोरच्या माणसाने रेशनकार्ड बघितलं आणि अर्जावर माझ्या नावापुढे व्यवसाय लिहिला : गृहिणी. विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी पहाटे अडीचला उठून ससून डॉकवर माल घेतला होता, तो विकून, अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून तिथे गेले होते. बहुतेक साडीनेच घात केला. वासासकट गेले असते तर विचारायची गरज पडली नसती.

माणूस वाईट नव्हता. त्याच्या कागदावर बोट होती, जाळं होतं, इंजिनाचे सिलिंडर किती तेही होतं. पाटी कुठेच नव्हती. आणि नीट बघितलं तर आमच्या घरच्या वहीतही नव्हती. डिझेल, जाळं, उचल, शिधा, सगळं ‘बोटीचा खर्च’ म्हणून लिहिलेलं. माझा बर्फ, हमाल, टेम्पो कुठेच नाही. तो मी पिशवीतून परस्पर द्यायचे. शेजारच्या पोराला बसवून मी चार महिन्यांचा हिशोब नव्याने मांडला, तेव्हा कळलं की भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत बोट तोट्यात असायची आणि ती तरंगायची माझ्या पाटीवर. अष्टमी-नवमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, डोल रिकामी येते. तेव्हा मी डॉकवरून दुसऱ्याचा माल उचलून विकायचे. नवऱ्याला दाखवलं. बोलता येत नव्हतं त्यांना नीट. वही बराच वेळ हातात धरून बसले.

म्हणून तुझं काम काय विचारशील तर ही वही. तू बी.कॉम. आहेस, मला काय शिकवायचं! डाव्या पानावर बोट, उजव्या पानावर पाटी आणि वलांडी. मिठाची गोण, बांबू, दोरी, बर्फ, रिक्षा, आणि तुमच्या दोघींचे तास. तासांना पैसे लावू नकोस, नुसते तास लिही. सासू आधी चिडेल. तिला वाटेल सून हिशोब विचारते. तेव्हा ‘दाखवा’ म्हणू नकोस, ‘सांगा, मी लिहिते’ म्हण. दोन महिन्यांत ती स्वतःच हाका मारील.

दुसरं, पुढची बोट किंवा इंजिन घ्याल तेव्हा कागदावर तुझं किंवा सासूचं नाव येऊ दे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० पासून आहे. तिच्यात सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला ४० टक्के अनुदान आहे आणि बाईला ६०. हे कळल्यावर बापयांना बायकांच्या नावांचा एकदम उमाळा येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सही बाईची आणि पासबुक कुठे ठेवलंय ते तिला माहीत नाही. सही करशील तर पासबुक तुझ्या कपाटात.

बोटीवर पाय न ठेवण्याचं विचारलंस. समुद्रात जाणाऱ्या बोटीला बाईचा विटाळ मानतात, खरंय. पण खाडीत नवरा-बायको मिळून होडी वल्हवताना, जाळं टाकताना मी कितीतरी पाहिलीत. तिथे विटाळ आडवा येत नाही, कारण खलाशी परवडत नाही. तुला जायची हौस असेल तर भांड. नसेल तर उगाच त्या भांडणात शक्ती घालवू नकोस, वही आधी.

प्रश्न : मी पन्नाशीचा, रायगड जिल्ह्यातला. दोन वर्षांपूर्वी बोट विकली. डिझेल परवडेना आणि खलाशी मिळेनात. घर आता बायकोच्या मासळीविक्रीवर चालतं. ती म्हणते बाजारात येऊन मासे कापायला बसा. वाड्यातली माणसं ‘बायल्या’ म्हणून हसतात. काय करू?

उत्तर : दादा, हसणाऱ्यांची यादी करा आणि त्यातले किती जण मासळीच्या पैशावर जेवतात ते मोजा.

डॉकवर मोठ्या मालाचा व्यवहार बघा, तिथे बापयेच भेटतील. ट्रकवाला बापय, बर्फाच्या कारखान्याचा बापय, कोलंबी परदेशी पाठवणारा बापय. स्कूटरच्या मागे थर्माकोलचा खोका बांधून सोसायट्यांत मासे विकणारे सगळे बापयेच. त्यांना कोणी बायल्या म्हटल्याचं ऐकलंत? ट्रकने विकलं की व्यापारी आणि पाटीने विकलं की बायल्या, असला हा हिशोब.

तरी बायकोच्या जागेवर जाऊन लगेच बसू नका, आणि याचं कारण लाज नाही. ती जागा तिची आहे. गिऱ्हाईक तिच्या चेहऱ्यावर येतं. कुठल्या वहिनीला गाभोळी लागते, कोणाच्या घरी गुरुवार पाळतात, कोणाची उधारी पगारानंतर येते, हे सगळं तिच्या डोक्यात आहे. तुम्ही बसलात तर गिऱ्हाईक भांबावेल. आमच्या ह्यांनी, हातपाय धड होते तेव्हा, एकदा हौसेने माझ्या जागी बसून दाखवलं. मला ताप होता. एका बाईने ‘काका, तुम्ही तरी कमी करा हो’ म्हटलं आणि हे पाघळले. मोठी पापलेटं खरेदीच्या भावात देऊन आले, वर कोथिंबिरीसारखी मूठभर करंदी फुकट. मी तापातून उठून बसले.

तुम्ही मागचं काम घ्या. पहाटेची खरेदी, बर्फ फोडणं, माल वाहणं, सुरमई-घोळ कापणं. कोयती पायाखाली धरून कापायला हात बसावा लागतो, घरी बांगड्यांवर सुरुवात करा. आणि ती दुपारी दोनला घरी येते तेव्हा भात शिजलेला असू दे. एवढं केलंत तर ती तुम्हाला बाजारात बोलावण्याचा आग्रह धरणार नाही असं मला वाटतं. तिला जोडीला माणूस हवा असेल, पण त्याहून जास्त तिला झोप हवी असेल.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळचे. वडील वारले. आई ओहोटीला खाडीत मुळे, म्हणजे शिंपले, काढते, थंडीत कालवं फोडते आणि विकते. त्यावर मी बारावी झालो. मागे मच्छीमार कुटुंबांची पाहणी करायला माणसं आली. ‘घरात मासेमारी कोण करतं?’ विचारलं. आईच म्हणाली, ‘कोणी नाही.’ हे मला लागलं. ती मच्छीमार नाही का?

उत्तर : आहे. तुझ्या आईनेच ‘नाही’ म्हणावं, याचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटलं. नवल मात्र वाटलं नाही. मीसुद्धा त्या अर्जाखाली सही करून आले होते.

मासेमारी म्हटलं की डोळ्यांपुढे बोट येते. कमरेभर चिखलात वाकून पायाच्या अंगठ्याने मुळा चाचपणारी बाई येत नाही. आई कोणत्या तिथीला किती वाजता पाणी उतरेल ते कॅलेंडर न बघता सांगते की नाही? कुठल्या पट्ट्यातले मुळे लहान आहेत, अजून महिनाभर हात लावायचा नाही, हे तिला कळतं की नाही? मग बोट चालवणाऱ्या तांडेलाला आणखी वेगळं काय कळतं?

हे माझ्या पदरचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१४ मध्ये छोट्या मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत पकडण्याआधीचं, पकडतानाचं आणि पकडल्यानंतरचं, सगळंच काम मासेमारीत धरलंय आणि बायका-पुरुषांच्या समानतेवर एक वेगळं प्रकरणच आहे. २०२३ मध्ये त्याच संघटनेचा इतरांबरोबर केलेला मोठा अभ्यास आला. त्यात जगभरच्या छोट्या मासेमारीत राबणाऱ्या दहांतल्या चार बायका आहेत असं निघालं. ती तत्त्वं कोणावर बंधनकारक नाहीत, त्यामुळे ती दाखवून कार्ड मिळणार नाही. पण ग्रामसभेत बोलायला उभा राहशील तेव्हा हाताशी असू दे.

आता कामाचं. एकट्या बाईला कोणी विचारत नाही, म्हणून खाडीत आईबरोबर उतरणाऱ्या बायकांचा गट कर. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळतं. समुद्रात जाणाऱ्याला त्यासाठी बोट आणि परवाना लागतो, पण बचतगट आणि महिलांचे गटही त्या योजनेत बसतात. बँकेतला साहेब आधी ‘बोट कुठाय?’ विचारील. गटाचा नियम दाखवायला सांग, घाबरू नकोस. अपघात विमाही बघ. मत्स्यसंपदा योजनेतल्या विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये आहेत, आणि तो फक्त बोटीवरच्यांसाठी नाही. कालवांच्या कडांनी कापलेले आणि चिघळलेले पाय मी पाहिलेत. कापल्यावर हळद दाबून परत पाण्यात उतरू देऊ नकोस तिला.

आणि तू बारावी झालास, तर वर्षभर एक वही ठेव. तारीख, तिथी, किती टोपल्या, किती पैसे. पुढे कधी खाडीत भराव पडला, जेटी आली, कारखान्याचं पाणी सुटलं, तर ‘आमचं नुकसान झालं’ म्हणायला कागद लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसात आमची वलांडीवरची मासळी भिजून सडली. पंचनाम्याला आलेल्याने बोट धड आहे का विचारलं. बोट धड होती. मग नुकसान नाही! सुक्या मासळीला रकानाच नव्हता. पुढच्या वर्षी सरकारचं पॅकेज आलं, त्यात लहान मासे विकणाऱ्यांना दोन शीतपेट्यांसाठी ३,००० रुपये होते. पेटी वाईट नाही, अजून वापरते सून. पण त्या पावसात किती सडलं ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही. लिहिलंच नव्हतं.

आईला पुढच्या वेळी कोणी विचारलं तर उत्तर तू देऊ नकोस. तिलाच देऊ दे. घरी दोन-तीनदा तालीम करून घे हवं तर.

प्रश्न : डोंबिवलीची मी. कोळणी दुप्पट भाव का सांगतात आणि अर्ध्यावर का येतात? आम्हाला फसवल्यासारखं वाटतं.

उत्तर : ताई, तुम्ही अर्ध्यावर मागणार हे आम्हाला माहीत असतं म्हणून.

थट्टा बाजूला. मघाच्या त्या वहीतलं २०१४ सालचं एक पान समोर आहे, शुक्रवारचं. भांग होता, घरची बोट रिकामी आली होती, म्हणून सातजणींनी मिळून टेम्पो केला आणि डॉकवर गेलो. बोंबील, मांदेली आणि थोडी कोलंबी मिळून माल घेतला ३,६०० रुपयांचा. टेम्पोतला माझा वाटा १५०, बर्फ ९०, हमाल ६०, पिशव्या २५, बाजाराची पावती २०, चहा आणि वडापाव ३०. म्हणजे वरचा खर्च ३७५. शेवटचे दोन वाटे बोंबील मऊ पडले होते, ते एकीला जवळजवळ फुकट दिले. विक्री ४,४६०. त्यातले २०० उधार, एका मास्तरणीबाईंकडे, त्यांनी पुढच्या आठवड्यात दिले.

हातात आले २८५. पहाटे अडीच ते दुपारी दीड.

त्या दिवशी एका ताईंनी कोलंबीच्या वाट्यावरून वीस मिनिटं घासाघीस केली आणि मी दहा रुपये कमी केले, तेही पानाच्या कडेला लिहिलंय. आधी त्यांना शिव्या लिहिल्या होत्या, त्या मग खोडल्या. पुढच्या शुक्रवारी त्या परत आल्या, तेव्हा त्यांना कोलंबी मीच सोलून दिली.